एका प्रेक्षकासाठी निवडलेली लेन्स

लाखांदूरचे छायाचित्रकार शालिक लांजेवार यांचे गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी सकाळी भंडाऱ्याच्या दवाखान्यात निधन झाले. वय एक्कावन्न. दोन दिवस आधी स्टुडिओत एका लग्नाचा अल्बम चिकटवत असताना त्यांची उजवी बाजू लुळी पडली. वाचा तेव्हाच गेली, ती परत आली नाही. बातमी आमच्या वर्तमानपत्राच्या नागपूरच्या कचेरीत दुपारी ट्रंक कॉलवर आली. जिल्ह्याचे पान त्या दिवशी माझ्याकडे होते. वार्ताहराने सांगितलेल्या सात ओळींच्या मी चार केल्या. काढलेल्या तीन ओळींत एक वाक्य असे होते, की लांजेवार यांनी एकदा चित्रपट काढण्याचाही प्रयत्न केला होता. छापता येईल असा त्या चित्रपटाचा पुरावा कुठे नव्हता, आणि मला जे ठाऊक होते ते चार ओळींत मावणारे नव्हते. शिवाय ते कुणाला सांगू नये असे मला दोन माणसांनी वेगवेगळे बजावले होते. ती दोन्ही माणसे आता नाहीत.

यापुढे त्याला एकेरीच लिहितो. आसगावच्या शाळेत आम्ही एका तरटपट्टीवर बसत होतो. तो आईविना वाढला. थोरली बहीण भागरता त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला, ती माहेरी परतली आणि त्याच पावसाळ्यात आई गेली. शालिक तेव्हा चार वर्षांचा होता. तलावाखालची दीड एकराची धानाची बांधी तिने कसली, त्याच धानावर त्याला शिकवले. गावात तिची ओळख दुसरी होती. रोवण्याच्या, म्हणजे धान लावण्याच्या, वेळी बायांची रांग चिखलात उतरली की गाणे ती उचलायची. तिने पहिली ओळ म्हटल्याशिवाय कुणी धानाचे पहिले रोपटे, परा, खोचत नसे. शालिक तिला बाई म्हणायचा. नागपूरच्या एका स्टुडिओत तो फोटोचे काम शिकला आणि परत येऊन लाखांदूरला, एसटी स्टँडसमोर, टिनाच्या छताखाली स्वतःचा स्टुडिओ त्याने टाकला. फोटोच्या मागच्या पडद्यावर डाल लेक आणि शिकारा रंगवलेला होता. पासपोर्ट फोटोपासून बारशापर्यंत सगळी कामे तो करायचा.

सत्त्याहत्तर साली नागझिऱ्याच्या जंगलावर माहितीपट काढायला मुंबईहून एक सरकारी तुकडी साकोलीला उतरली होती. त्यांची फिल्म बदलायची काळी पिशवी उसवली. शालिक एका लग्नासाठी साकोलीतच होता. त्याने आपली पिशवी दिली आणि बदल्यात कॅमेरामनने त्याला सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्यातून पाहू दिले. पाच मिनिटे, फार तर. तिथून त्याला सिनेमाने धरले. कॅमेरामनशी पत्रव्यवहार सुरू झाला, रद्दीतून इंग्रजी मासिके आली, वहीत कॅमेऱ्यांची चित्रे निघू लागली. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर त्याचे नाव डायरेक्टर पडले.

"काय डायरेक्टर, हिरोईन भेटली का नाई?"

"भेटली ना. आसगावले हाय. वय चोपन्न."

"मंग हिरो कोन?"

"तूच ये. बैल कमी पडून राहिला."

एकोणऐंशीच्या होळीपर्यंत हा सगळा टपरीवरचा विषय होता. होळीनंतर भागरताबाई बांधावरून घसरून पडल्या. त्याआधी पंधरा दिवस त्यांना बैलगाडीचे जू लागले होते. गाडी बाजूने आली तरी दिसली नव्हती. शालिक त्यांना नागपूरला घेऊन आला. मी सोबत होतो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, फार पुढे गेलेला. नजर कडांकडून आत आत खात येते, गेलेली परत येत नाही, थेंब घातले तर वेग कमी होईल. किती दिवस, असे शालिकने विचारले. डॉक्टर म्हणाले, एखादा-दुसरा पावसाळा नीट दिसेल, त्यापुढचे मी बोलणार नाही.

परतीच्या एसटीत भागरताबाई खिडकीशी बसल्या होत्या. भिवापूर मागे पडले. मग त्या मला म्हणाल्या, "चाळीस साल रोवणा केला बापू, पन मी तो पाह्यलाच नाई. वाकलेल्या मानसाले काय दिसते? आपले हात दिसते, अन् पानी. रांग कशी दिसते, मी कशी दिसतो... कधी पाह्यलंच नाई." त्यांनी हे गाऱ्हाणे म्हणून सांगितले नव्हते. शालिक मागच्या बाकावर होता. पवनीला चहासाठी गाडी थांबली तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी दाखवतो तिले. पडद्यावर. नजर हाय तवर."

यानंतर त्याने जे जे निवडले ते या एका गोष्टीसाठी. मुंबईचा कॅमेरामन त्याला लिहायचा की चित्रपट हजार लोकांसाठी असतो. शालिकने उत्तरात लिहिले की माझा एका माणसासाठी आहे. ते पत्र मी वाचले आहे, कारण इंग्रजी तपासायला त्याने माझ्याकडे आणले होते. दर महिन्याला तो भागरताबाईंना लाखांदूरला बोलवायचा. स्टुडिओत डाल लेकच्या पडद्यासमोर खुर्चीवर बसवायचा, एक डोळा झाकायला लावायचा आणि काठीला लाल चिंधी बांधून ती कडेने हळूहळू आत आणायचा. चिंधी दिसली की त्यांनी हात वर करायचा. तिथे तो फरशीवर खडूने खूण करायचा. डावीकडची, उजवीकडची. खुणांचे आकडे वहीत उतरवायचा. दर महिन्याला खुणा खुर्चीच्या समोरच्या रेषेकडे सरकत होत्या. भागरताबाईंना हा खेळ वाटायचा. "लहानपनी मी याले भोवरा दाखवून चूप करत होतो, आता हा मले चिंधी दाखवते," असे त्या म्हणायच्या.

पहिला बेत रुंद लेन्सचा होता. तलाव, त्याच्या बांधाची पाळ, पाळीवरची मोहाची झाडे, खाली वीस बायांची रांग, सगळे एका चौकटीत. फोटोवाल्याला तसेच सुचते आणि कॅमेरामनचाही सल्ला तोच होता. खडूच्या खुणा पाहिल्यावर शालिकने ती लेन्स यादीतून काढली. मला म्हणाला, "जिथं बाईले दिसतच नाई, तिथं मी झाडं कायले लावू?" त्याने जाड पुठ्ठ्याची नळी केली आणि तिच्यातून जग पाहत फिरू लागला. बाजारात, स्टँडवर, बांधीत. नळीत काय मावते ते पाहायचा. मावायचा एक चेहरा, किंवा दोन हात आणि रोपट्यांची जुडी, किंवा लागून वाकलेल्या दोन बाया. त्या मापाने त्याने पन्नास मिलिमीटरची लेन्स निवडली. त्याहून लांब पल्ल्याची घेतली असती तर चिखलात कॅमेरा जराही हलला की चित्र थरथरले असते. तरीही कॅमेऱ्याचे तिकाटणे बांधीत रुतणारच होते. त्यासाठी त्याने चिखल सपाट करायचा लाकडी पाटा उलटा टाकून त्यावर तिकाटणे रोवायचे ठरवले आणि उन्हाळ्यात तलावाच्या गाळात जाऊन ते करूनही पाहिले.

कॅमेऱ्याचा निर्णय व्हायला वर्ष गेले. आठ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा सोपा होता, पण त्याची फिल्म धुवायला परदेशी जायची आणि कधी येईल याचा नेम नव्हता. रशियन बनावटीचा एक मजबूत कॅमेरा मिळत होता. तो बॅटरीवर चालायचा आणि बॅटरी भरायला वीज लागायची, ती आसगावात दिवसातून केव्हा असेल हे कुणी सांगू शकत नव्हते. उरला स्विस बनावटीचा चावीचा. एकदा चावी भरली की पंचवीस-सव्वीस सेकंद चालतो, मग थांबून पुन्हा भरावा लागतो. शालिकने घड्याळ लावून बायांची गाणी मोजली. एक कडवे वीस सेकंदांच्या आसपास होत होते. "एका चावीत एक कडवं बसते," तो म्हणाला. आवाज नोंदवायची सोय त्या कॅमेऱ्यात नव्हती. मी तसे म्हणालो तर तो हसला. "पाहनारी तीच, गानारी तीच. आवाज तिच्याजवळ हाय. तो भरून मी तिलेच आयकवू का?"

उजेडाचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. रोवणा आभाळाखाली होतो, बाया वाकलेल्या असतात, पदर डोक्यावर असतो. चेहरा सावलीत जातो. भागरताबाईंना फिकट काही दिसत नव्हते, उजळ आणि गडद यांतला फरक मोठा हवा होता. बांधीत दिवे न्यायचा प्रश्नच नव्हता. विजेची तार राइस मिलपर्यंत येऊन थांबली होती. त्याने लाखांदूरच्या किराणा दुकानांतून चहाच्या खोक्यांतला चंदेरी कागद गोळा केला आणि प्लायवूडच्या चार फळ्यांवर चिकटवला. पहिल्याच तालमीत बायांनी त्याला झोडपले.

"काहून रे शालिक, तोंडावर चमकावून राहिला? मले परा दिसत नाई."

"जरा चमकू दे ना काकू. लग्नात तं नाई चमकली."

"तुह्या लग्नात तुही बायको चमकली, तेच पुरं झालं."

पण त्या तालमीतच त्याच्या लक्षात आले, की बांधीत साचलेले पाणी हाच खालून उजेड फेकणारा मोठा आरसा आहे. सकाळी नऊनंतर, ढग विरळ असले की वाकलेल्या चेहऱ्यावर पाण्यातून सरळ उजेड येतो, हनुवटीपासून कपाळापर्यंत. दोन फळ्या त्याने तिथेच बांधावर ठेवून दिल्या. त्या दिवशी तो जितका खूश होता तितका तो मला नंतर दिसला नाही.

फिल्म काळी-पांढरी घेतली. तिच्यात दोन प्रकार असतात. एकीत आधी निगेटिव्ह होते, मग तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येतात. दुसरीत कॅमेऱ्यातून गेलेली फीतच धुतल्यावर चित्र बनते. वेळ वाचतो, पण प्रत एकच आणि मागे निगेटिव्ह नाही. शालिकने दुसरी निवडली. मी विचारले, एकच प्रत? तो म्हणाला, "पाहनारी पन एकच हाय. अन् तिले घाई हाय." एवढ्या वर्षांत त्याच्या निवडीतली चूक शोधायला मी अनेकदा बसलो. नियमाप्रमाणे पाहिले तर ही एक सापडते. त्या वेळी मात्र तिच्याविरुद्ध बोलावे असे मला काही सुचले नव्हते.

एकोणऐंशीला पावसाने दगा दिला आणि आसगावचे अर्धे रोवणे राहिले. कॅमेराही आला नव्हता. ऐंशीच्या पावसाळ्यात कॅमेरामनच्या ओळखीने एक वापरलेला कॅमेरा उसना मिळाला आणि शंभर फुटांच्या चार गुंडाळ्या आल्या. चार गुंडाळ्या म्हणजे अकरा मिनिटे. चार सकाळी चित्रीकरण झाले. मी रजा काढून दोन दिवस चंदेरी फळी धरली. भागरताबाई रांगेच्या मधोमध, कौसाबाईंच्या शेजारी होत्या, कारण कडेच्या बायकांचा त्यांना आता अंदाज येत नव्हता. गाणे त्यांनीच उचलले. शालिक चावी भरायचा, हात वर करायचा, त्या पहिली ओळ म्हणायच्या आणि तो बटण दाबायचा. चौथ्या दिवशी शेवटची गुंडाळी संपली तेव्हा तो पाट्यावर तसाच बसून राहिला.

फिल्म लगेच धुवायला जायला हवी होती. पण कॅमेरामन बाहेरगावी कामावर होता. लॅबमध्ये स्वतः उभा राहून धुवून घेतो, दसऱ्यानंतर पाठव, असे त्याने कळवले. शालिकच्या स्टुडिओचे टिन तापायचे, उष्णतेने फिल्म खराब होते. म्हणून चारही गुंडाळ्या काळ्या कागदात बांधून, एका पत्र्याच्या डब्यात घालून, डबा आसगावला भागरताबाईंच्या घरी धानाच्या कोठीत ठेवला. मातीच्या जाड भिंती, घरातली सगळ्यांत गार जागा. तीही निवड योग्यच होती. डबा उघडायचा नाही, असे त्याने सांगितले होते. का उघडायचा नाही, ते सांगितले होते की नाही, हे त्याला नंतर आठवत नव्हते.

दसऱ्याच्या दिवशी मी तिथे नव्हतो. पुढचे शालिकने दुसऱ्या दिवशी सांगितले तसे लिहितो. दसऱ्याला घरातल्या अवजारांची पूजा होते. विळा, नांगर, कुऱ्हाड, शिलाई मशीन, ज्याचे जे असेल ते. भागरताबाईंनी कॅमेरा मागून घेतला होता. शालिकने तो आदल्या दिवशी पोहोचवला, लाखांदूरला स्टुडिओची पूजा उरकली आणि दुपारी तो आसगावला गेला. अंगणात पाटावर कॅमेरा होता, झेंडूचा हार घातलेला. शेजारी पितळी परात होती, उन्हात. परातीत चारही गुंडाळ्यांची फीत सुटी होऊन पडली होती, शेवया वाळत घालाव्यात तशी. काळा कागद काढून उचलताना गुंडाळ्यांची मधली चकती खाली सरकली असणार. तसे झाले की फीत स्प्रिंगसारखी बाहेर येते. भागरताबाईंनी ती हाताने नीट वेटोळी करून ठेवली होती. वर हळद-कुंकू होते आणि लवकर येणाऱ्या हलक्या धानाच्या नव्या लोंब्या.

त्या म्हणाल्या, "डब्याची पूजा करून काय होते बावा? डबा तं टिनाचा. कामाची पूजा पाह्यजे. अन् सनाच्या दिवशी काळ्या कागदात काहून गुंडाळलं होतं रे?" शालिक परातीजवळ खाली बसला. त्यांना त्याचा चेहरा दिसत नसावा, पण असे खाली बसणे कळले. "काही चुकलं का माह्यं?"

"नाई बाई," तो म्हणाला. "मस्त केलं."

त्याने परातीला नमस्कार केला, बहिणीच्या हाती आपट्याची पाने दिली, पाया पडला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो नागपूरला आमच्या कचेरीत आला आणि जिन्यात उभा राहून हे सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "तिले हे कधी समजलं नाई पाह्यजे. ती जिती हाय तवर कोनालेच सांगजो नको." मी कबूल केले. फीत तरीही त्याने मुंबईला पाठवली. वेटोळ्यांच्या आतल्या भागात एखादा फूट वाचला असेल, असे त्याला वाटत होते. महिन्याने ती धुऊन परत आली. या प्रकारच्या फिल्मला धुण्याआधी ऊन लागले की चित्र पुसले जाते, आणि धुतल्यावर ती काळी होत नाही, पारदर्शक होते. चारशे फूट फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत धुतलेल्या काचेसारखी होती.

गावात त्याने सांगितले की कॅमेरा निवडण्यात माझी चूक झाली, लेन्सच्या बुडातून उजेड शिरला. टपरीवर पुष्कळ दिवस हाच विषय चालला. "दोन साल निवडत होता ना बे? त्यापेक्षा डोये झाकून घेतला असता," असे एकाने त्याच्यासमोर म्हटले. शालिक म्हणाला, "तुह्या लग्नाचे फोटो तसेच काढले होते." सगळे हसले, तोही हसला. कॅमेरा त्याने परत केला. पुढच्या रोवण्याला नऊ महिने होते, फिल्म मिळण्याची खात्री नव्हती आणि खडूच्या खुणा तो आता करत नव्हता.

भागरताबाई मात्र विचारायच्या. गावातली चेष्टा त्यांच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून त्याने त्यांना सांगितले होते की लोक जळतात, फिल्म मुंबईला धुतली जात आहे. कार्तिकात विचारले, संक्रांतीला विचारले, होळीला विचारले. "आला का रे माहा रोवणा?" एक्याऐंशीच्या मार्चमध्ये शालिकचे पोस्टकार्ड आले, की प्रोजेक्टरची सोय झाली आहे, तू ये. मी गेलो. वाटेत तो म्हणाला, की डॉक्टरांच्या मते बाईंना आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. तेव्हा प्रोजेक्टर लावायचा, फीत चालवायची, तिला आवाज येईल, समोर उजेड दिसेल, बाकी मी बोलेन. डॉक्टर कोणते, केव्हा दाखवले, हे मी विचारले नाही. माझा धंदा विचारण्याचा आहे. त्या दिवशी मी विचारले नाही.

भर दुपारी, राइस मिलच्या धानाच्या रिकाम्या गोदामात, खिडक्यांना पोती लावून खेळ झाला. भिंतीवर धुतलेले धोतर ताणले होते. आम्ही तिघेच होतो. भागरताबाई उंबरा ओलांडून आत आल्या, वाटेतल्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगाला वळसा घालून खुर्चीवर बसल्या. त्यांचा हात कुणी धरला नव्हता. हे माझ्या लक्षात राहिले, त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. प्रोजेक्टर सुरू झाला. धोतरावर पांढरा चौकोन पडला. धुताना चिकटलेले केस आणि धुळीचे कण त्यात वरखाली होत होते, दुसरे काही नव्हते. शालिक प्रोजेक्टरच्या मागून बोलू लागला.

"हे पाह्य बाई, तलावाची पाळ... आता तू आली. पदर खोचून राहिली. बाजूले कौसा हाय. आता तुहे हात... पाह्य किती भरभर चालते. आता पानी. पान्यात तुहं तोंड दिसून राहिलं..."

दुसऱ्या गुंडाळीला भागरताबाईंनी गाणे उचलले. हळू आवाजात, पण पूर्ण. त्या म्हणत राहिल्या, तो सांगत राहिला आणि दोघांच्या समोर पांढरा चौकोन होता. अकरा मिनिटांनी फीत संपून चाक नुसते फिरू लागले. शालिकने ते बंद केले.

"पाह्यलं बाई?"

"पाह्यलं बावा." खुर्चीवरून उठत त्या म्हणाल्या, "मी येवढी वाकतो का रे?"

"याहून जास्त," शालिक म्हणाला.

तो यंत्र आवरायला थांबला. भागरताबाईंना घरी सोडायला मी निघालो. पाळीवरून जाताना त्या थांबल्या. "बापू, एक सांगतो. त्याले नको सांगजो. मले काहीच दिसलं नाई. निस्ता पांढरा उजेड. त्याच्यात बारीक काडीकचरा हालून राहिला होता, तेवढाच दिसला. माही नजर गेली रे बापू. दोन साल मेहनत केली त्यानं अन् मले दिसलं नाई..." पदर तोंडाला लावून त्या उभ्या राहिल्या. "त्याले समजलं तं तो मरून जाईल."

धोतरावर जे होते ते त्यांनी मला तंतोतंत सांगितले होते. केस आणि कण मलाही तितकेच दिसले होते. त्यांची नजर गेली नव्हती. हे सांगायला एक वाक्य पुरे होते आणि त्या वाक्याबरोबर परात, काळा कागद, दसरा, सगळे सांगावे लागले असते. न सांगावे तर त्या स्वतःला आंधळ्या समजून घरी जाणार होत्या. मी म्हणालो, "चला, ऊन लागते." आम्ही घरी गेलो.

त्या वर्षी रोवण्याला भागरताबाई बांधीत उतरल्या नाहीत. नजर गेली, असे त्यांनी गावाला सांगितले. काठी घेतली, अंगणातच बसू लागल्या. गाणे त्यांच्याऐवजी कौसाबाई उचलू लागल्या. पुढे सहा वर्षे मी आसगावला गेलो की त्यांना भेटत असे आणि लाखांदूरला उतरलो की शालिकला. दोघांनीही त्या दुपारचा विषय पुन्हा माझ्याकडे काढला नाही. शालिकने परत कधी सिनेमाचे नाव घेतले नाही. लग्ने, बारशी, पासपोर्ट फोटो. टपरीवर डायरेक्टर हे नाव मात्र टिकून राहिले. सत्त्याऐंशीच्या थंडीत भागरताबाई गेल्या. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना खरोखरच काही दिसत नव्हते. आता शालिकला पाळीवरचे बोलणे सांगावे, असे मी घाटावरून परतताना ठरवले. मग दिवस होऊ द्यावेत असे ठरवले. मग पुढच्या भेटीत, असे ठरवले. त्यानंतर आमच्या पाच भेटी झाल्या.

तेराव्यानंतर शालिकच्या पत्नी विमलबाईंनी मला स्टुडिओत बोलावले. "भाऊजी, यातलं काय ठेवावं, काय फेकावं, मले समजत नाई. तुमीच पाहा." रंगवलेला पडदा उतरवून गुंडाळून ठेवलेला होता. आम्ही कपाट उघडले. खालच्या दोन खणांत ग्राहकांच्या निगेटिव्ह होत्या, गावांच्या नावांनी लावलेल्या. वरच्या खणात रेशन कार्ड, दुकानाचा परवाना आणि एका पाकिटात घडी घातलेला एक छापील कागद होता. साकोलीला भरलेल्या नेत्रतपासणी शिबिराचा. मे एकोणीसशे एक्याऐंशी, म्हणजे गोदामातल्या त्या दुपारनंतर दोन महिन्यांनी आणि रोवण्याच्या आधी. रुग्णाचे नाव भागरताबाई. डावा डोळा: उजेड कळतो. उजवा डोळा: तीन मीटरवरून बोटे मोजता येतात. खाली, निदान समजावून सांगितले असे छापलेल्या ओळीपुढे, सोबत आलेल्या नातेवाइकाची सही आहे. सही शालिकची आहे.